भजनी मंडळाचं भूतघर

माणसाला घाबरवायचं कसं, हे मी पन्नाशीला टेकल्यावर शिकले, आणि तेसुद्धा भजनी मंडळात. कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. माझ्या भांडुपच्या नणंदेला वाटलं मी तिची फिरकी घेतेय. मग ती स्वतः आली, बघून गेली आणि जाताना जिना माझा हात धरून उतरली. आम्हाला हे सगळं शिकवलं आत्याने.

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या नव्हे. मुलुंड पूर्वेला आमची जुनी सोसायटी, तिथे ती सगळ्यांचीच आत्या. खरी आत्या ती एकाच माणसाची, दहिसरला राहणाऱ्या भाच्याची. त्याच्या नावावर आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर छोटा फ्लॅट होता आणि त्यात ती एकटी राहायची. तिला अहोजाहो केलेलं खपायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ‘अहो आत्या’ म्हणाले, तर म्हणाली, अहो म्हणायला मी कुणाचा नवरा आहे का गं? तेव्हापासून शेंबड्या पोरापासून चेअरमनपर्यंत सगळे तिला अगंतुगं करायचे, आणि सगळेच तिला टरकून असायचे.

तिची नोकरी टेलिफोन खात्यात झालेली, ट्रंक कॉल जोडून देण्याची. कानाला हेडफोन लावायचा, समोरच्या बोर्डावर वायरी खुपसायच्या आणि दिवसभर गावोगावचे आवाज ऐकायचे. नोकरी कधीच संपली, ते खातंही उरलं नाही, पण आत्या काही बोर्डावरून उठली नाही. दार उघडलं की ‘या’ नाही, ‘बसा’ नाही, सरळ ‘बोला’. आपण आपलं काम सांगायचं. काम संपून जरा इकडचं तिकडचं सुरू केलं की म्हणायची, ‘तीन मिनिटं झाली,’ आणि दार लावून घ्यायची. पूर्वी ट्रंक कॉल तेवढाच असायचा म्हणे. पहिल्यांदा माझ्या तोंडावर दार लावलं तेव्हा माझं डोकं इतकं फिरलं की कितीतरी दिवस मी तिच्याकडे विरजण मागायलासुद्धा गेले नाही.

कान मात्र बाईचा भलता तिखट. जिन्यावर कोण आहे हे तिला पावलांवरून कळायचं. मी बाजारातून पिशव्या घेऊन चढत असले की दार न उघडता आतूनच विचारायची, गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलं का? माझा गुडघा दुखतो ही बातमी माझ्या नवऱ्याला आत्याकडून कळली, यावरून काय ते समजा.

लग्न का केलं नाहीस, असं तिला विचारायची एकदा तरी सगळ्यांना हुक्की यायची. मलाही आली. ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘जन्मभर लोकांचे नवरे कानात ऐकले गं. एकही घरी आणावासा वाटला नाही.’ मी त्या रात्री माझ्या नवऱ्याचं फोनवरचं बोलणं जरा लक्ष देऊन ऐकलं आणि मला तिचं पटलं.

उपासांचंही तिचं स्वतःचं पंचांग होतं. कधीही धरायची, कधीही सोडायची. एकदा गुरुवारी स्टेशनबाहेर ही बाई चटणी सँडविच खाताना मला दिसली. मी म्हटलं, आत्या, आज उपास ना? तर म्हणाली, आहे ना, वरणभाताचा. मग काय, मीपण एक सँडविच घेतलं.

अशी ही बाई आमच्या भजनी मंडळाची प्रमुख, आणि गंमत म्हणजे ती गायची नाही. मला गळा नाही, कान आहे, हे तिचं उत्तर. हातात फक्त टाळ. आमच्यातली एक ओळ सुरू करायची, बाकीच्या ती उचलायच्या, आणि आत्या टाळ धरून सगळ्यांना ताब्यात ठेवायची. तिचा सगळा जोर थांबण्यावर. ‘सुरू काय, कुणीही करतं. सगळ्यांना एकदम थांबता आलं पाहिजे,’ असं म्हणून तिने आमच्याकडून वर्षानुवर्षं थांबण्याचा सराव करून घेतला होता. समेवर आलो की सगळ्या बायकांचे आवाज, टाळ, टाळ्या, सगळं एकदम बंद. एखादीची बांगडी जरी पुढे किणकिणली तरी आत्या तिच्याकडे अशी बघायची की ती बाई पुढच्या बुधवारी बांगड्या घरी ठेवून यायची. ‘हिला काय मिलिटरी बँड काढायचाय का,’ असं आम्ही मागे म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आमचं भजन बुधवारी दुपारी, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. हॉल कसला, एक लांबट खोली. भिंतीला ओल, पंखा कुरकुरणारा, कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं सामान. पण त्या दुपारी तो आमचा असायचा. घरात आम्ही कुणाच्या तरी आई, कुणाच्या तरी सासू. तिथे आलो की नुसत्या आम्ही.

हे सगळ्यात जास्त कुणाला लागू होतं तर मंदाताईंना. पहिल्या मजल्यावरच्या या मंदाताई फार गरीब स्वभावाच्या. नवरा गेला, मुलाचं लग्न झालं, आणि मग हळूहळू त्यांची घरातली जागा सरकत गेली. आधी बेडरूम गेली, मग सोफ्यावरची कोपऱ्याची जागा गेली, शेवटी बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली एक खुर्ची उरली. मुलगा वाईट नव्हता. सून तर चांगली लाघवी होती. कुणी त्यांना वाकडा शब्द बोलायचं नाही, पण काही विचारायचंही नाही. त्या बाईला एकच सवय होती, हाक पूर्ण व्हायच्या आत ‘आले’ म्हणायची. बुधवारी मात्र डोळे मिटून अशा गायच्या की मी माझी ओळ विसरायचे. तो त्यांचा आठवड्याचा श्वास होता, मी दुसरं काही म्हणणार नाही.

आणि त्यांचाच मुलगा निखिल सोसायटीचा सेक्रेटरी झाला.

पोरगा हुशार, कामाचा. लिफ्ट त्याने दुरुस्त करून घेतली, पाण्याची बोंब मिटवली. पण स्वतः व्यायाम सुरू केल्यापासून त्याला सगळी दुनिया बेढब दिसायला लागली होती. दिवाळीच्या तोंडावर एका बुधवारी तो भजनाच्या मध्येच आला, चपला घालूनच, आणि अगदी गोड बोलून सांगितलं की हॉलची जिम करायचा ठराव येतोय. दिवाळीनंतर जनरल मीटिंग आहे. तुम्ही आठवड्यातून एकदा येता, बाकी दिवस हॉल पडून असतो, जिम झाली तर सगळ्यांना उपयोग होईल. भजन काय, कुणाच्याही घरी करता येतं.

कुणाच्या घरी, हे त्याला विचारायला हवं होतं. त्याच्या स्वतःच्या घरात त्याच्या आईला गुणगुणायची चोरी होती. मंदाताई खाली बघून टाळाची दोरी गुंडाळत बसल्या होत्या. मला त्या पोराचा भलता राग आला.

आत्या म्हणाली की आम्हीपण सगळ्यांसाठी काहीतरी करू, मग तर झालं? निखिल हसला. हल्लीच्या मुलांना काय लागतं तुला ठाऊक नाही आत्या, म्हणाला. आपल्या सोसायटीतली पोरं सुट्टीत घाटकोपरला मॉलमध्ये भूतघर बघायला जातात. तुम्ही काय भूतघर काढणार आहात?

‘काढू की,’ आत्या म्हणाली.

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. निखिलला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. जाता जाता त्याने, वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणत, तिला एक आठवण करून दिली. मेंबर तिचा भाचा आहे, ती नाही. तेव्हा मीटिंगला आली तर बसता येईल, पण बोलता येणार नाही आणि हातही वर करता येणार नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. आत्याने ऐकून घेतलं.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘मी मीटिंगमध्ये एक शब्द बोलणार नाही.’

तो गेल्यावर तिने सम दिली आणि आमचं अर्धवट राहिलेलं भजन पुरं करून घेतलं.

आता भजनी मंडळाने भूतघर काढायचं म्हणजे काय विचारता. जी ती मदतीला. आमच्यातल्या प्रभावहिनी मूळच्या मालवणच्या, त्यांच्या यजमानांचं साकीनाक्याला वर्कशॉप. तिथून जाड काळं प्लास्टिक आलं आणि खिडक्या झाकल्या. कुणी पांढऱ्या साड्या आणल्या, कुणी काजळाच्या डब्या. माझ्या मुलाने रबराचे मुखवटे आणून दिले. वेळ मात्र दुपारचीच, कारण संध्याकाळी सगळ्यांना स्वयंपाक. दुपारचं कुठे भूत असतं का, असं कुणीतरी म्हणालं, तर आत्या म्हणाली, भूत काय रात्रपाळीला असतं? मला तर ते अगदी पटलं. कोकणात भर दुपारी बाराला विहिरीवर जायला आम्ही घाबरायचोच की.

पहिल्या दिवशी आमची अशी वाट लागली की आजही आठवलं की कान गरम होतात.

पोरांचा पहिला घोळका आत आला. ठरल्याप्रमाणे मी मुखवट्यातून ‘हूऽऽ’ केलं. पलीकडून दुसरीने केलं, पण तिने माझाच सूर धरला. तिसरीने वरचा धरला. प्रभावहिनींचा हात आपोआप टाळावर गेला, आणि बघता बघता आमच्या रडण्याला अशी झकास चाल लागली की पोरं टाळ्या वाजवायला लागली. एका पोराबरोबर आलेली आजी तर मान डोलवत खाली बसली. वर्षानुवर्षांची सवय हो, बेसूर रडायचं म्हटलं तरी जमेना. त्यातच प्रभावहिनी कवटीच्या मुखवट्यातून एका मुलाला म्हणाल्या, बाळा, बुटाची नाडी बांध, पडशील. एका छोट्या मुलीला अंधारात ठसका लागला, तर चारी कोपऱ्यांतून भुतं पाणी घेऊन धावली. आणि बाहेर पडायच्या दारात मंदाताई केस सोडून, तोंडाला पीठ फासून उभ्या, त्यांनी प्रत्येकाच्या हातावर चिवडा आणि लाडू ठेवला. दिवाळीत दारात आलेल्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, हा त्यांचा सवाल.

पोरं हसत बाहेर, त्यांच्या आया हसत बाहेर. निखिलने व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. माझ्या नवऱ्यानेसुद्धा एक चेहरा टाकला होता. त्याला त्या संध्याकाळी मी आदल्या दिवशीची भाजी वाढली.

मुखवटे काढून आम्ही हॉलमध्ये बसलो. कुणालाच घरी जावंसं वाटत नव्हतं. प्रभावहिनी म्हणाल्या, ‘आमच्या गावात खरी भुतां आसत. तेंका ह्या बघून हसू येतला.’ एक दोघी म्हणाल्या की जाऊ दे हॉल, नशिबात नाही. मंदाताई उरलेले लाडू डब्यात भरत होत्या. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या की बुधवार गेला तर मग मंगळवारनंतर गुरुवार येईल. ते ऐकून मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

आत्या चिडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती चिडली नाही. म्हणाली, तुम्हाला भुतं होता येत नाही, बरं झालं, नका होऊ. मग भिंतीला टेकून बसली. आणि मग जे बोलली ते माझ्या अजून डोक्यात आहे.

‘बोलता बोलता लाइन मेली ना, की माणूस काय करतो माहितीय? आधी म्हणतो, हॅलो. मग जरा मोठ्याने, हॅलो. तिसऱ्या हॅलोला भल्याभल्यांचा आवाज फाटतो. मी ऐकलंय, मोठमोठ्या साहेबांचा. पलीकडे कुणी ओरडत नसतं, मुखवटा नसतो. नुसतं कुणीतरी असतं आणि मग ते नसतं. त्याला माणूस घाबरतो.’

मुखवटे तिने पिशवीत भरायला लावले. काजळ पुसायला लावलं. आता काही सोंग आणायचं नाही, फक्त गायचं, म्हणाली. जे येतं तेच करायचं.

तिची युक्ती अशी. हॉलमध्ये मिट्ट काळोख. आम्ही सगळ्या भिंतींना पाठ लावून बसणार. बघायला येणाऱ्याने एका दोरीला धरून या दारातून त्या दारापर्यंत चालायचं, एका वेळी एकानेच किंवा दोघांनी. शब्दांशिवाय, नुसतं गुणगुणत आम्ही एक चाल धरायची, हळू टाळ वाजवायचे. येणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे, घरी आल्यासारखं. तो खोलीच्या मध्यावर पोचला हे आत्याला पावलांवरून कळणारच. मग ती टाळाचा एक ठोका दाबून वाजवणार, आणि त्यानंतरच्या समेवर आम्ही सगळ्यांनी थांबायचं. श्वाससुद्धा रोखायचा. तो काय वाट्टेल ते बोलू दे, हाका मारू दे, कुणी ओ द्यायची नाही. आणि पुरता गार पडला की ज्या बाईच्या सगळ्यात जवळ तो उभा असेल, तिने त्याच्या कानाशी टाळ एकदाच वाजवायचा.

थांबणं आम्हाला येत होतं. ओ न देणं येत नव्हतं. सरावाला आत्या काळोखात मध्ये उभी राहून हाका मारायची. वहिनी, कुकरच्या किती शिट्ट्या गं? की एकजण पटकन म्हणायची, तीन. अगं, तुझा मुलगा आलाय खाली! की दुसरी उठून उभी. मी स्वतः ‘दूध उतू गेलं’ला फसले. जन्मभर हाकेला धावलेल्या बायका आम्ही, गप्प राहायचं म्हणजे अंगाला काटे टोचायचे. मंदाताईंचं तर काही खरं नव्हतं. आत्याने ‘मं’ म्हटलं की त्या ‘आले’ म्हणून मोकळ्या. त्यांना बाहेर दारावर बसवू असं कुणीतरी सुचवलं. आत्याने ऐकलं नाही. ती मंदाताईंच्या शेजारी बसून, त्यांचा हात हातात घेऊन, पुन्हा पुन्हा त्यांना हाका मारत राहिली. शेवटी एकदा त्या गप्प राहिल्या. काळोख होता, पण त्या रडत होत्या हे मला कळलं. मग त्या आपणहून म्हणाल्या, ‘अजून एकदा मार.’

भाऊबीज झाली आणि आम्ही पुन्हा दार उघडलं. पहिल्यांदा आली ती फक्त गंमत बघायला आलेली मोठी पोरं, कॉलेजातली, फोन उगारून. आत्याने दारातच फोन काढून घेतले. दोघं आत आले, ‘ए, गाणं काय मस्त आहे यार,’ असं बोलत दोरी धरून चालले. आत्याचा ठोका दाबला गेला. सम आली. आम्ही थांबलो.

मला काय सांगू, त्या शांततेची मलाच भीती वाटली. एवढ्या बायका खोलीत, आणि खोली रिकामी झाली. पोरं आधी हसली. मग एकजण म्हणाला, झालं का? मग म्हणाला, काकू? मग दुसरा म्हणाला, ए, कोण आहे का इथे? आणि त्याचा आवाज खरंच फाटला. मी शेजारीच होते, मी टाळ वाजवला. दोघं दोरी सोडून धडपडत, एकमेकांना ढकलत दाराबाहेर पडले, आणि बाहेर जे ओरडले ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

मग काय, त्या ओरडण्याने आमची जाहिरात केली. दुसऱ्या दुपारी गेटपर्यंत रांग. शेजारच्या सोसायटीतले आले, माझी नणंद आली, मॉलचं भूतघर बघून आलेले आले आणि सांगत सुटले की तिथे नुसता आरडाओरडा, इथे आतड्याला पीळ पडतो. चेअरमन आत गेले आणि मध्यावर पोचल्यावर मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागले. आम्ही श्वास रोखून बसलो होतो, हसू दाबताना प्रभावहिनींच्या पोटात गोळा आला. लहान मुलांना आत्या आत सोडायची नाही; त्यांना बाहेर लाडू मिळायचे, म्हणजे मंदाताईंचंही समाधान. आम्ही दुपारभर काळोखात बसायचो आणि घरी जाताना असं वाटायचं की आपली उंची वाढलीय. माझ्या नवऱ्याने आत जायला नकार दिला. तो नकार मी ग्रुपवर टाकला.

शेवटच्या दुपारी निखिल आला.

सेक्रेटरी म्हणून त्याला यावंच लागलं, लोक विचारायला लागले होते. आम्हाला तो दिसत नव्हता, पण आत्याने पावलं ओळखली आणि हळूच नाव सांगितलं. मी मंदाताईंच्या डाव्या हाताला बसले होते. त्यांनी माझा पदर घट्ट धरला होता. मी आत्याला म्हटलं, यांना बाहेर जाऊ दे. मंदाताईंनीच माझ्या मांडीवर थाप मारून मला गप्प केलं.

निखिल ऐटीत चालत आला. आम्ही गात होतो, मंदाताईही गात होत्या, आणि मला वाटतं त्याला त्या आवाजांतला आईचा आवाज ओळखू आला असावा, कारण त्याची पावलं आमच्या बाजूला आल्यावर मंदावली. आत्याने ठोका दाबला. आम्ही थांबलो.

त्याने दोरी हलवून पाहिली. मग खाकरला. मग म्हणाला, ओके, छान आहे. कुणी हललं नाही. म्हणाला, आत्या? अहो काकू? मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि मग त्या एवढ्या दांडग्या माणसाच्या तोंडून अगदी लहान आवाज आला.

‘आई?’

मला वाटलं, झालं. आता ही बाई ‘आले’ म्हणणार. मी त्यांच्या हाताला हात लावला, तो दगडासारखा घट्ट होता.

‘आई, आहेस ना?’

मंदाताई गप्प. तो हातभर अंतरावर उभा, आणि त्या गप्प. ‘आई’ तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्याचा आवाज पार चिरकला होता. मग त्या उठून उभ्या राहिल्या, मला त्यांच्या साडीची सळसळ कळली, आणि त्यांनी त्याच्या कानाशी टाळ वाजवला. एकदाच, अगदी सुरेख.

निखिल दोरी घेऊनच बाहेर पळाला. दोरी खिळ्यासकट निघाली.

आम्ही दिवे लावले. सगळ्या मंदाताईंकडे बघत होतो. त्या जराशा हसल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘किती दिवसांनी शोधलं गं त्याने मला.’ आत्याने त्यांना जवळ ओढून घेतलं. मी आत्याला कुणाला जवळ घेताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी जनरल मीटिंग, त्याच हॉलमध्ये. आत्या इस्त्रीचं पातळ नेसून आली आणि मंदाताईंच्या शेजारी खुर्चीवर तोंड घट्ट मिटून बसली. निखिलने भूतघराचं कौतुक केलं, मनापासून केलं. पण एक आठवडा गंमत झाली म्हणून बाकीचं वर्ष हॉल रिकामा ठेवायचा का, असं म्हणून त्याने ठराव मांडलाच. जिमच्या बाजूने कोण? तरुण मंडळींचे हात वर गेले. बरेच नवरे लोक इकडे तिकडे बघत हात वर करायला लागले, त्यात आमचे हेही. आणि निखिलने नेहमीप्रमाणे आपल्या घरातर्फे स्वतःचा हात वर केला.

आत्याकडे मी बघितलं. ती खरंच एक शब्द बोलत नव्हती. ओठ पांढरे पडले होते.

‘निखिल, हात खाली घे.’

आवाज कुणाचा हे आधी कुणाला कळलंच नाही. मंदाताई उभ्या होत्या.

निखिल म्हणाला, आई, आपण घरी बोलू. मंदाताई म्हणाल्या, ‘घरी तुला ऐकू येत नाही. इथे सगळे आहेत. फ्लॅट माझ्या नावावर आहे. मी समोर असताना तुझा हात कसा चालेल?’

निखिलने चेअरमनकडे पाहिलं. चेअरमन चष्मा पुसत म्हणाले की पहिलं नाव मंदाताईंचंच आहे, त्या हजर असतील तर मत त्यांचंच. निखिलचा हात खाली आला. त्याच्याबरोबर आजूबाजूचे अर्धेमुर्धे हातही खाली आले. आमच्या यांचाही आला. मी नुसतं वळून बघितलं होतं, बोलले काहीच नव्हते.

मग चेअरमननी विचारलं, हॉल आहे तसाच ठेवायचा, या बाजूने कोण? मंदाताईंनी उजवा हात वर केला. मी केला, प्रभावहिनींनी केला, मागून खुर्च्या सरकल्या आणि एकेक हात वर जायला लागला, बायकांचे, पुरुषांचे, आमच्या टाळाला पहिल्यांदा ओरडलेल्या त्या पोरांच्या वडिलांचेसुद्धा. आत्या तेवढी हात मांडीवर ठेवून बसलेली. तिला हक्क नव्हता, आणि ती शब्दाची पक्की.

मंदाताईंनी खाली बघितलं. मग डाव्या हाताने आत्याचं मनगट धरलं आणि आपल्या हाताबरोबर तिचाही हात वर उचलला.

‘हा मोजायचा नसेल तर मोजू नका,’ त्या म्हणाल्या. ‘पण तो वर राहील.’

निखिल हात मोजत आमच्या रांगेपर्यंत आला. आत्यासमोर थांबला. त्याने एकदा आईकडे बघितलं, आणि बोट पुढे करून आत्याचाही हात मोजला.